फुटबॉलचा सराव आणि नाल्याकाठची सफाई: नागपूरच्या पालकांचे व मुलांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाग नदीपासून जवळच्या एका मैदानावर आम्ही काही जण ८ ते १४ वर्षांच्या मुलामुलींना दर रविवारी सकाळी फुटबॉल शिकवतो आणि त्याच सकाळी ते मैदान व लगतच्या नाल्याचा काठ साफ करतो. पालक, शेजारी आणि खुद्द पोट्टे जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे लिहिली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण ते प्रश्नच तसे आहेत.

नागपूर देशाच्या मधोमध. इथे कचरा उचलून समुद्र कसा वाचणार?

झिरो माइलचा दगड असलेल्या शहरात हा प्रश्न पडणारच. पण पाण्याचा रस्ता बघा. नाग नदी वाडीजवळच्या लाव्हा परिसरातल्या टेकड्यांतून निघते, अंबाझरी तलावाचं जादा पाणी घेऊन शहराच्या मधून जाते. पुढे पिवळी नदी तिला मिळते आणि ते पाणी कन्हानमध्ये जातं. कन्हान भंडारा जिल्ह्यात वैनगंगेला मिळते. वैनगंगेवर पवनीजवळ गोसीखुर्द धरण आहे. तिथून खाली गडचिरोलीत चपराळ्याजवळ वर्धा आणि वैनगंगा एकत्र येतात, त्यांची प्राणहिता होते, आणि सिरोंच्याजवळ प्राणहिता गोदावरीत शिरते. मग राजमहेंद्री, धवळेश्वरम आणि शेवटी बंगालचा उपसागर.

गोदावरीच्या मुखाजवळ, काकीनाड्याकडे, कोरिंगाचं खारफुटीचं जंगल आहे. त्याच भागातल्या होप बेटाच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. हे ऐकलं की मुलं एकदम गप्प होऊन ऐकतात. मग आम्ही मैदानावर फक्कीने हाच रस्ता आखतो. नाग, कन्हान, वैनगंगा, प्राणहिता, गोदावरी अशा पाच जागांवर पाच जण उभे राहतात आणि बॉल पास करत समुद्रापर्यंत नेतात. भूगोलाच्या तासाला जो नकाशा डोक्यात बसत नाही, तो इथे दोन रविवारांत बसतो.

पण मधे एवढी धरणं आहेत. आपल्या वस्तीतली पन्नी खरंच तिथपर्यंत जाते का?

प्रत्येक पन्नी जात नाही, आणि मुलांनाही आम्ही तसंच सांगतो. बराच कचरा नाल्यातच अडकतो, काही झुडपांत, काही गोसीखुर्दच्या पाण्यात आणि गाळात. नद्यांमधून समुद्रात जाणाऱ्या प्लास्टिकवर २०२१ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याच्या अंदाजानुसार नद्यांतून समुद्रात पडणाऱ्या प्लास्टिकपैकी सुमारे ८० टक्के वाटा जगातल्या हजाराहून अधिक नद्यांचा आहे, आणि त्यात शहरांतून वाहणाऱ्या लहान नद्याही मोठ्या संख्येने आहेत. समुद्र जितका लांब, तितकी कचरा तिथे पोहोचण्याची शक्यता कमी, हेही त्याच अभ्यासात आहे. म्हणून नागपूरच्या कचऱ्याने समुद्र भरतोय असं आम्ही म्हणणार नाही.

तरीही दोन गोष्टी विसरू नका. पन्नी आणि बाटलीचं झाकण ज्या प्लास्टिकचं असतं ते पाण्यापेक्षा हलकं असतं, म्हणून ते तरंगत पुढे जातं. बाटली स्वतः जड प्लास्टिकची, ती पाण्याने भरली की तळाला बसते. आणि आपल्याकडच्या उन्हात प्लास्टिक तडकतं, त्याचा भुगा होतो. ५ मिलिमीटरपेक्षा लहान कण झाले की ते ना चिमट्याने उचलता येत, ना धरण त्यांना सगळे अडवू शकत. पुरात दरवाजे उघडले की पाण्यासोबत तेही पुढे जातात.

दुसरी गोष्ट म्हणजे समुद्राच्या आधी नुकसान इथेच होतं. नाल्यातल्या पन्नीने पाणी तुंबतं, गाई पन्नीसकट शिळं अन्न गिळतात, आणि मासेमारीवर जगणारी भंडाऱ्याकडची माणसं आपल्या शहराचं घाण पाणी सोसतात. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटेचा पूर नागपूरकर विसरलेले नाहीत. अंबाझरी ओसंडून वाहिली आणि आजूबाजूच्या वस्त्यांमध्ये घराघरांत पाणी शिरलं. एवढा पाऊस कोणत्याही नाल्याला झेपला नसता हे खरं आहे, पण मोकळा नाला आणि कोंबलेला नाला यांत फरक असतोच.

फुटबॉलच का? सफाईची मोहीम वेगळी घेता येत नाही का?

येते, आणि चांगली माणसं तशी घेतातही. सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी जगभर किनारा-सफाईचा दिवस पाळला जातो. त्याची सुरुवात १९८६ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सासच्या किनाऱ्यावर झाली. मुंबईत वर्सोव्याला अफरोज शाह यांनी २०१५ मध्ये किनारा साफ करायला घेतला आणि लोक आठवड्यामागून आठवडे येत राहिले, म्हणून तो किनारा बदलला. वर्षातून एकदा येऊन गेले असते तर बदलला नसता.

दर आठवड्याला मुलांना एकाच जागी आणणारी गोष्ट आमच्याकडे एकच आहे, ती म्हणजे बॉल. भाषणासाठी कोणी रविवारी सकाळी उठत नाही, मॅचसाठी उठतात. शिवाय हे मैदान त्यांचंच आहे. अनवाणी खेळणाऱ्या पोराच्या पायात काच गेली की कचरा हा विषय त्याला शिकवावा लागत नाही.

रविवारची सकाळ नेमकी कशी असते?

आधी मोठी माणसं मैदानावर एक चक्कर मारतात आणि काच, सुया, तारा असलं काही दिसलं तर काढून टाकतात. मग मुलं येतात. वॉर्म-अपच्या आधी सगळे बचावफळीसारखे एका ओळीत उभे राहतात, दोघांमध्ये दोन हात अंतर, आणि ओळ न मोडता मैदान पार करतात. कोणी पुढे पळायचं नाही, कोणी मागे राहायचं नाही, शेजारच्याकडे लक्ष ठेवायचं. ऑफसाइडची ओळ धरायला शिकवताना आम्ही जे ओरडून सांगतो तेच इथे सांगतो, आणि खरोखरच ज्या मुलांना सामन्यात ओळ धरता येत नव्हती त्यांना ती इथून कळली.

मग साबणाने हात धुणं. त्यानंतर बॉल. सराव, शेवटी छोट्या मॅच, आणि ज्या रविवारी नाल्याचा काठ घ्यायचा असेल त्या रविवारी मॅचनंतर मोठ्या मुलांची एक तुकडी प्रशिक्षकांसोबत काठावर जाते.

बॉल ड्रिबल करत करत कचरा उचलण्याचे खेळ काही ठिकाणी घेतात. फोटो छान येतात. आम्ही ते घेत नाही. शर्यतीच्या भरात मूल न बघता हात घालतं, आणि तोच हात तोंडाला जातो. कचरा आणि बॉल एका सकाळी असावेत, एका हातात असू नयेत.

माझ्या मुलाला खेळायला पाठवलंय. त्यानं कचरा का उचलायचा?

हा प्रश्न रागाने विचारला जातो आणि तो राग आम्हाला कळतो. आपल्या देशात दुसऱ्याची घाण उचलण्याचं काम पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक जातींच्या माथी मारलं गेलं. दीक्षाभूमीच्या या शहरात कित्येक घरांनी ते जोखड निग्रहाने फेकून दिलं, मुलांना शिकवलं, वर आणलं. त्या घरातल्या आईला रविवारी सकाळी आपल्या पोराच्या हातात पोतं दिसलं तर तिला काय वाटेल, याचा विचार न करता असा वर्ग चालवणं चूक आहे. स्वच्छता ही चांगली गोष्ट आहे एवढं म्हणून हा विषय संपत नाही.

म्हणून काही गोष्टी आम्ही पक्क्या ठरवल्या आहेत. पहिलं पोतं प्रशिक्षक उचलतात, मग कर्णधार, मग बाकीचे. बंगल्यातून आलेला मुलगा आणि झोपडपट्टीतून आलेला मुलगा एकाच ओळीत असतात, आणि शेजारच्या सोसायटीने टाकलेला कचरा वस्तीतल्या मुलांनी काढायचा, असं आम्ही कधीही होऊ देत नाही. तसा कचरा दिसला तर सोसायटीच्या सचिवांशी बोलतो आणि तिथल्या मुलांना बोलावतो. पालकांना नको असेल तर मूल सफाईत येत नाही. त्याला कारण विचारलं जात नाही आणि त्याचा खेळ एका मिनिटानेही कमी होत नाही.

गाडगेबाबा आपल्याच विदर्भातले, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. ते गावात आले की आधी स्वतः झाडू हातात घेत आणि रात्री कीर्तन करत. लोक ऐकत, कारण सांगणाऱ्याचे हात आधी मळलेले असत. आम्ही प्रशिक्षक निवडताना हेच बघतो. ज्याला स्वतः वाकायचं नाही त्याने आमच्याकडे शिकवू नये, मग तो कितीही चांगला खेळाडू असो.

रोज हा रस्ता झाडणाऱ्या सफाई कर्मचारी ताईंना मुलं नावाने ओळखतात, नमस्कार करतात. मैदानातली पोती कुठे ठेवायची हे त्यांना विचारूनच ठरवलं आहे.

उशिरा येणाऱ्याला शिक्षा म्हणून जास्त कचरा उचलायला लावता का?

नाही. एकदा ते शिक्षा झालं की मुलाच्या मनात आयुष्यभर शिक्षाच राहतं. हरलेल्या टीमलाही लावत नाही.

काय काय सापडतं?

नागपूरचं मैदान असल्यामुळे सगळ्यात जास्त खर्र्याच्या पन्न्या. सुपारी, तंबाखू आणि चुना ज्या पातळ पन्नीत घासतात तिचा हा चौकोनी तुकडा, आत तपकिरी भुकटी, कडेला चुन्याचा पांढरा डाग, आणि कधी कधी त्यावरचं रबर. इतका हलका की वाऱ्याबरोबर गोलपोस्टच्या जाळीत जाऊन चिकटतो. कोणताही भंगारवाला तो घेत नाही. मुलांनी त्याला हात लावायचा नाही, चिमट्यानेच उचलायचा, हा कडक नियम आहे. पन्न्यांचा ढीग समोर पडला की तोंडाच्या कॅन्सरबद्दल बोलायला वेगळा दिवस ठरवावा लागत नाही. काही मुलांनी घरी जाऊन वडिलांशी हा विषय काढला आहे, आणि ते बोलणं सोपं नव्हतं.

त्याखालोखाल पाण्याचे पाऊच, चिप्सची पाकिटं, चहाचे कप, सिगारेटची थोटकं. थोटकातला कापसासारखा दिसणारा भाग कापूस नसतो, तेही एक प्रकारचं प्लास्टिकच असतं, हे मोठ्यांनाही सहसा माहीत नसतं.

जानेवारीत संक्रांतीनंतर नायलॉन मांजा. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये त्यावर देशभर बंदी घातली, तरी झाडांत आणि मैदानाच्या कुंपणात तो दिसतोच. पळणाऱ्या मुलाच्या गळ्याच्या उंचीवर ताणलेला मांजा म्हणजे जिवाशी खेळ. त्या महिन्यात मोठी माणसं आधी कुंपण तपासतात, मांजा काडीवर गुंडाळतात आणि कात्रीने बारीक तुकडे करून मगच पिशवीत टाकतात, म्हणजे पुढे कुठे पक्ष्याचा किंवा माशाचा फास होत नाही.

मुलांना इजा किंवा आजार होणार नाही याची काय खात्री?

मुलांनी काय उचलायचं नाही याची यादी पाठ करून घेतो: काच, सुई, औषधाच्या बाटल्या, सॅनिटरी पॅड आणि डायपर, बॅटरी, मेलेला प्राणी, बांधलेली पिशवी. असं काही दिसलं की हात वर करून जागेवर थांबायचं, सर किंवा ताई येतात. जाड हातमोजे, चिमटा, पायात बूट. नाल्याच्या पाण्यात कोणीही उतरत नाही, प्रशिक्षकही नाहीत. काठावरचा उतार ओला असेल तर त्या दिवशी काठ रद्द.

राष्ट्रीय लसीकरणात धनुर्वाताची लस १० आणि १६ व्या वर्षी असते. ती झाली आहे का हे पालकांना आम्ही प्रवेशाच्या वेळीच विचारतो. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांत उंच गवतात शिरत नाही. साप हे एक कारण, आणि दुसरं स्क्रब टायफस. झुडपांतल्या बारीक किड्यांच्या चाव्यातून हा ताप येतो आणि २०१८ मध्ये नागपूर भागात त्याने बरेच लोक आजारी पडले होते. घरी गेल्यावर मुलांना आंघोळ घाला, मोजे लगेच धुवा, आणि ताप आला तर मूल गवतात खेळलं होतं हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

गोळा केलेलं कुठे जातं?

बाटल्या, पुठ्ठा आणि पत्रा भंगारवाल्या भाऊंकडे. येणाऱ्या पैशांतून हातमोजे आणि साबण येतो. बाकीचा सुका कचरा महापालिकेच्या गाडीत, तिथून तो भांडेवाडीच्या कचरा डेपोत जातो. पालापाचोळा मैदानाच्या कोपऱ्यात खड्डा करून त्यात कुजवतो. चिप्सची आणि गुटख्याची पाकिटं प्लास्टिक आणि धातूचे थर एकमेकांना चिकटवून बनतात, ते वेगळे होत नाहीत, म्हणून त्यांना कोणीच विकत घेत नाही. उचलून सुटत नाही असा हा कचरा आहे आणि मुलांना ते कळायला हवं.

ढीग तिथेच पेटवला तर?

नाही. प्लास्टिकचा धूर विषारी असतो आणि थोड्याच वेळात तिथेच मुलं धापा टाकत पळणार असतात. उघड्यावर कचरा जाळायला बंदीही आहे.

सगळ्यात जास्त कचरा आणणाऱ्याला बक्षीस का नाही?

वजनावर बक्षीस ठेवलं की मुलं पोत्यात ओली माती, विटा भरतात, घरचा कचराही आणतात. त्यात त्यांचा दोष नाही, नियमच तसा असतो. जपानमध्ये २००८ पासून कचरा उचलण्याचा स्पर्धात्मक खेळ खेळला जातो. तिथे प्रत्येक प्रकाराला वेगवेगळे गुण असतात आणि हलक्या थोटकांना जास्त. ती पद्धत शहाणपणाची आहे. वर्षातून एखाद्या वेळी आम्ही तसा सामना घेतो, खर्र्याच्या पन्नीला सगळ्यात जास्त गुण देऊन. एरवी सफाईला गुण नाहीत.

यात फुटबॉल खरंच शिकवला जातो का?

हो, आणि याबाबत आम्ही तडजोड करत नाही. फुटबॉल कच्चा असेल तर मुलं महिन्याभरात यायची बंद होतात आणि सफाईही संपते. ८ वर्षांपर्यंत ३ नंबरचा बॉल, साधारण १२ पर्यंत ४ नंबरचा, पुढे ५ नंबरचा. लहानांना पूर्ण मैदानावर अकरा-अकरा खेळवत नाही. चार-चार, पाच-पाचच्या मॅच घेतो, म्हणजे प्रत्येकाच्या पायाला बॉल लागतो. मुख्य प्रशिक्षकाकडे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा परवाना असावा हा आमचा आग्रह आहे.

शेजारचं कामठी आणि शहरातलं मोतीबाग मैदान यांच्यामुळे फुटबॉल नागपूरला नवा नाही. आणि खेळातून वस्तीतली मुलं उभी राहतात हेही या शहराने आधीच दाखवलं आहे. हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ मध्ये पावसात तुटक्या बादलीने फुटबॉल खेळणारी मुलं बघितली आणि त्यातून झोपडपट्टी फुटबॉल उभा राहिला. आमची प्रेरणा तीच आहे.

मुलींसाठी काय सोय आहे?

मुलामुलींचा सराव एकत्र, १२ वर्षांनंतर मॅच वेगळ्या. प्रत्येक सत्राला निदान एक महिला प्रशिक्षक किंवा एखादी आई मैदानावर असतेच. जवळच्या घरात शौचालयाची सोय केली आहे. ती नव्हती तोवर मोठ्या मुली टिकत नव्हत्या.

टर्फ (कृत्रिम गवताचं मैदान) भाड्याने का घेत नाही? तिथे कचराच नसतो.

दिसत नाही, पण असतो. बहुतेक टर्फमध्ये हिरव्या धाग्यांच्या मधे काळ्या रबराचे दाणे भरलेले असतात. बुटांतून, मोज्यांतून आणि पावसाच्या पाण्यातून ते बाहेर जातात. युरोपीय संघाने २०२३ मध्ये मुद्दाम वापरल्या जाणाऱ्या सूक्ष्म प्लास्टिकवर निर्बंध आणले त्यात हे दाणेही आहेत, त्यांना ८ वर्षांची मुदत दिली आहे. मुलं टर्फवर खेळली तर आमची हरकत नाही, निघताना बूट तिथेच झटकायला सांगतो. आणि मातीचं मैदान सोडलं की ते कोणाचंच राहत नाही, मग तिथे कचरा आणि गाड्या येतात.

उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात वर्ग बंद असतो का?

एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या वर जातो, म्हणून सकाळी सहाला सुरू आणि साडेसातच्या आत सगळे घरी. सराव हलका असतो. सफाई मात्र या काळात जास्त करतो, कारण वर्षभर काठावर साचलेलं सगळं पहिल्या मोठ्या पावसात एका रात्रीत वाहून जातं. महापालिका मान्सूनपूर्वी नाग, पिवळी आणि पोहरा नद्यांचा गाळ यंत्रांनी काढते. यंत्र पोहोचत नाही अशा काठावर आणि गल्लीच्या नाल्यांवर आम्ही असतो. पावसात खेळ चालू, काठ बंद. मेघगर्जना ऐकू आली की मैदान रिकामं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास कोणी परत जात नाही. विदर्भात विजेने माणसं मरतात, यात हयगय नाही.

आज उचललं, उद्या परत तेवढंच. मग उपयोग काय?

मुलंही हे विचारतात आणि त्यांना खोटी उमेद द्यायची नाही. नुसतं उचलत राहिलं तर खरंच फार फरक पडत नाही. म्हणून दर रविवारी एका वहीत नोंद होते: खर्रा पन्नी, पाऊच, कप, प्लेट, मांजा, कुठल्या बाजूला किती. काही आठवड्यांनी वही बोलायला लागते. एका गेटजवळ प्लेट आणि कप, दुसऱ्या कोपऱ्यात फक्त पन्न्या.

मग मुलं वही घेऊन बोलायला जातात. तर्री पोहे विकणाऱ्या काकांकडे मोठी दोन मुलं आणि एक प्रशिक्षक गेले, वही दाखवली, दोष दिला नाही. काकांनी स्टीलच्या प्लेट काढल्या आणि धुण्यासाठी पाणी कुठून आणायचं ही खरी अडचण सांगितली. नळाची सोय शेजारच्या दुकानदाराने केली. प्लास्टिकच्या प्लेट, कप, चमचे आणि स्ट्रॉ यांच्यावर देशभर १ जुलै २०२२ पासून बंदी आहे, राज्यात तर २०१८ पासूनच नियम आहेत. पण गाडीवर पोट असलेल्या माणसाला कायदा ऐकवण्याआधी पर्याय द्यावा, असं आमचं मत आहे. कचरापेटी किंवा तुटलेल्या जाळीसाठी वहीची प्रत जोडून महापालिकेच्या झोन कार्यालयात अर्ज देतो. आकड्यांसकट दिलेला अर्ज बाजूला सारणं कठीण जातं.

आमच्या वस्तीत सुरू करायचं असेल तर?

चार बॉल, दोन रंगांचे बिब, चुना किंवा फक्की, चिमटे, हातमोजे, रिकामी पोती, साबण, प्रथमोपचार पेटी आणि एक वही. कोनऐवजी माती भरलेल्या बाटल्या चालतात, सराव संपला की मोजून परत घ्या. मैदान ज्यांच्या ताब्यात आहे त्यांची लेखी परवानगी, प्रत्येक पालकाची सही आणि दर दहा मुलांमागे एक मोठा माणूस, एवढं झाल्याशिवाय सुरू करू नका. पहिले तीन-चार रविवार फक्त खेळा. मुलं स्वतःहून लवकर येऊ लागली की चौथ्या-पाचव्या रविवारी प्रशिक्षकाने पोतं घेऊन मैदानात उतरावं आणि कोणाला बोलावू नये. आमच्याकडे कोणी येऊन बघायचं म्हणेल तर रविवारी सकाळी या, बूट घालून या, आणि पाण्याची बाटली घरून भरून आणा.